लघवीच्या टेस्टमध्ये कॉटिनिन पॉझिटिव्ह आलंय, बिडी सासऱ्यांची आणि पोट माझं, कुणाला यातलं कळतं का?

खाडीपलीकडची (धागाकर्ती) · रविवार, रात्री ११:४२

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा. मी कोपरखैरण्याला राहते, पाचवा महिना चालू आहे. घर म्हणजे माथाडींच्या सेक्टरमधलं बैठं घर, त्यावर दोन मजले चढवलेले, खाली सासूसासरे आणि वर आम्ही, मधला जिना म्हणजे चुलीचं धुराडं समजा, खाली काही पेटलं की वर आलंच. सासरे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, आता रिटायर, दिवसाला बिडीचं एक बंडल, तेही जिन्याच्या पायरीवर बसून.

तर झालं असं की मिस्टरांच्या विम्याच्या मेडिकलसाठी लॅबचा मुलगा घरी आला होता, तो बोलता बोलता म्हणाला की तंबाखू घेता की नाही ते लघवीत कळतं, कॉटिनिन म्हणतात. मी म्हटलं माझंही करा, धूर पोटापर्यंत जातो का ते तरी कळेल. रिपोर्ट आला : कॉटिनिन पॉझिटिव्ह, कट-ऑफ २००. मिस्टरांनी तो कागद तसाच नेऊन सासऱ्यांसमोर आपटला, बघा म्हणे तुमच्या नातवाला आत्तापासून बिडी पाजताय. सासरे काहीच बोलले नाहीत, पिशवीत दोन कपडे भरले आणि कळव्याला नणंदेकडे निघून गेले. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत, भाकरी ताटात वाढत नाहीत, बाजूला ठेवून जातात.

मला एवढंच विचारायचंय, या २०० चा अर्थ काय? बाळाच्या अंगात किती गेलं हे कशाने कळतं? डॉक्टर बाईंची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि तोपर्यंत माझी झोप उडालीय.

नौपाड्याची_लेक · रविवार, रात्री ११:५८

अगं आधी शांत हो. सासरे कळव्याला गेले म्हणजे परदेशी नाही गेले. माझी बहीण इंग्लंडात आहे, लेस्टरला, तिकडे गरोदर बाईची नोंदणी होते तेव्हाच एका छोट्या मशीनमध्ये फुंकायला लावतात, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. ४ पीपीएम किंवा वर आला की सिगारेट सोडवणाऱ्या टीमकडे नाव जातं. कोणी भांडत नाही, कोणी ओरडत नाही, वजनकाट्यावर उभं राहावं तसं. आपल्याकडे असं का नाही?

घोडबंदरचा_प्रवासी · सोमवार, सकाळी ७:१०

ताई, आपल्याकडे मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत रिक्षातून आलेल्या बाईला फुंकायला लावलं तर मशीनच खोकेल. आणि एक सांगू का, राग मानू नका, आमच्या आजीच्या घरात चूल, आजोबांची चिलीम, वर पाच पोरं, सगळी धडधाकट. हल्ली प्रत्येक गोष्टीची टेस्ट काढतात आणि मग घरात महाभारत.

नौपाड्याची_लेक · सोमवार, सकाळी ७:३१

पाच जगली ती तुम्ही मोजली दादा. किती गेली ते आजीला विचारलं होतंत का कधी?

जुना_टेक्निशियन · सोमवार, दुपारी १:०५

लंच ब्रेकमध्ये मोबाईलवरून लिहितोय, शुद्धलेखन माफ. बावीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, त्यातली बरीचशी वाशीत.

कॉटिनिन म्हणजे काय ते आधी. निकोटिन अंगात गेलं की लिव्हर त्याचं कॉटिनिन करतं. गंमत म्हणून इंग्रजी स्पेलिंग लिहून बघा, निकोटिनचीच अक्षरं उलटीपालटी केलीत. निकोटिन स्वतः दोनेक तासात अर्धं होतं, त्यामुळे ते मोजून उपयोग नाही, सकाळी ओढलेली दुपारी सापडत नाही. कॉटिनिन अर्धं व्हायला साधारण १६ ते १८ तास लागतात, म्हणून सगळे तेच मोजतात, रक्तात, थुंकीत नाहीतर लघवीत. लघवीत ते रक्तापेक्षा कितीतरी पट दाट असतं म्हणून स्वस्तातल्या पट्ट्या लघवीवर चालतात.

आता तुमचं २००. तो तुमचा आकडा नाहीये हो ताई, ती पट्टीची रेघ आहे. पट्टी फक्त हो किंवा नाही सांगते, मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर हो. तुमचं २०१ असेल किंवा २००० असेल, पट्टीला फरक पडत नाही. विमा कंपन्यांना तेवढंच हवं असतं. तुम्हाला जे विचारायचंय ते या पट्टीला विचारून उपयोग नाही. नमुना बहुतेक लॅब काही दिवस ठेवतात, फोन करून आकड्याची टेस्ट मागा, जमलं तर एलसीएमएसवर, म्हणजे नेमका आकडा देणाऱ्या मोठ्या मशीनवर. आणि सोबत क्रिएटिनिन काढायला सांगा, कारण बाई पाणी जास्त प्यायली असेल तर लघवी पातळ होते आणि आकडा उगाच कमी दिसतो, क्रिएटिनिनशी भागलं की ते सरळ होतं.

आकडा आला की इथे टाका, मग पुढचं बोलू. तोवर सासऱ्यांना काही बोलू नका.

सत्तूकाका · सोमवार, संध्याकाळी ६:२०

वांग्यात पण निकोटिन असतं असं वाचलंय. डोहाळे भरल्या वांग्याचे असतील तर सासरेबुवा निर्दोष सुटतील.

जुना_टेक्निशियन · सोमवार, संध्याकाळी ६:४४

असतं काका, वांग्यात, टोमॅटोत, बटाट्यात, सगळी एकाच घराण्यातली. पण १० किलो वांगी खाल्ली तर कुठे एका सिगारेटमधून अंगात जाणाऱ्या निकोटिनइतकं, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या आसपास होतं. १० किलो वांगी खाल्लेल्या बाईला कॉटिनिनची नाही, दुसऱ्याच टेस्टची गरज आहे.

खाडीपलीकडची · मंगळवार, रात्री ९:१५

जुना_टेक्निशियन दादा खूप आभार. लॅबवाल्याने नमुना ठेवला होता, आकडा आला. ११४०. क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणे. हे खूप आहे ना? मिस्टर म्हणतायत आता बाबांना घरात घेणारच नाही. मला रडू येतंय, एवढा धूर मी कधी खाल्ला?

बेलापूर_पट्टी · मंगळवार, रात्री १०:०२

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, धागा दोन दिवस वाचत होते. थोडं लांबेल.

दुसऱ्याच्या धुराने बाळाला काहीच होत नाही असं नाही, हे आधी सांगते म्हणजे पुढचं वाचून कुणी बिडी पेटवायला नको. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि बाळाचं वजन त्याने थोडं कमी भरतं. थोडं म्हणजे सरासरी ३०-४० ग्रॅम. निकोटिन नाळेतून सरळ पलीकडे जातं, आणि कार्बन मोनॉक्साइड तर बाळाच्या रक्ताला आईच्या रक्तापेक्षा घट्ट चिकटून बसतो. त्यामुळे बिडी जिन्यातून हलायलाच हवी.

पण आकड्याचं गणित वेगळं आहे. नुसत्या दुसऱ्याच्या धुराने लघवीतलं कॉटिनिन सहसा ५० च्या खालीच राहतं, बहुतेकांचं त्याहून बरंच खाली. हजाराच्या वर म्हणजे ज्याच्या स्वतःच्या अंगात तंबाखू जातो त्याचा आकडा. आणि गरोदरपणात हा आकडा खरं तर कमी यायला हवा, कारण त्या काळात शरीर निकोटिन आणि कॉटिनिन दोन्ही झपाट्याने बाहेर टाकतं. एरवी कॉटिनिन अर्धं व्हायला सतरा तास लागत असतील तर गरोदर बाईत नऊच्या आसपास. म्हणजे तेवढाच तंबाखू घेऊन गरोदर बाईचा आकडा बिनगरोदर बाईपेक्षा खाली दिसतो. तरीही ११४०.

घोडबंदरचा_प्रवासी · मंगळवार, रात्री १०:१०

म्हणजे लॅबने नमुने बदलले. मी म्हटलंच होतं.

जुना_टेक्निशियन · मंगळवार, रात्री १०:४८

नमुने बदलतात, नाही म्हणत नाही, पण ते धरून चालण्याआधी एक साधी गोष्ट विचारून बघू.

ताई, आता जे विचारतोय ते बावीस वर्षांत शंभरदा तरी विचारलं असेल, त्यामुळे मला त्यात काही वाटत नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. आम्ही फॉर्मवर लिहितो, तंबाखू खाता का, सिगारेट ओढता का. बाई म्हणते नाही, आणि ती खोटं बोलत नसते. मग मी पेन खाली ठेवून विचारतो, दात कशाने घासता?

उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल. व्यनि, म्हणजे खासगी निरोप करा.

आशाताई_कळवा · मंगळवार, रात्री ११:०५

बरोबर विचारलंत दादा. मी आशा वर्कर आहे, पारसिक डोंगराच्या कडेने वस्त्या करते. तंबाखू म्हटलं की बाया पदर तोंडाला लावून नाही नाही म्हणतात. मशेरी म्हटलं की हसतात. तंबाखू म्हणजे पुरुषाचं व्यसन आणि मशेरी म्हणजे दात घासायचं, असं डोक्यात पक्कं बसलंय. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तो भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि मग बोटावर घेऊन हिरड्यांवर पंधरा मिनिटं चोळत नळावर गप्पा. ज्या घरात भाजतात तिथे शेजारणीसुद्धा खोकतात. आणि लावलं नाही तर कोठा साफ होत नाही, हे तर शंभरातल्या नव्वद जणी सांगतात.

नवीन पोरी उलट्यांच्या महिन्यात सुरू करतात, मळमळ थांबते म्हणून. सासूच देते पुष्कळदा, नाहीतर माहेरून येते.

सत्तूकाका · बुधवार, सकाळी ८:३०

आमच्या मातोश्री ऐंशी वर्षं मशेरी लावत होत्या. जाताना सगळे दात शाबूत. उगाच बदनामी.

बेलापूर_पट्टी · बुधवार, सकाळी ९:१२

काका, दातांचं सोडा, पोटातल्या बाळाचं बोलतोय आपण. हे परदेशी शास्त्रज्ञांनी सांगितलेलं नाहीये, आपल्या मुंबईतच मोजलंय. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा केला, २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्यात बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं, बाळंतपणही सरासरी काही दिवस आधी झालं. गुप्तांची हीलिस सेखसरिया संस्था आपल्या नवी मुंबईतच आहे, हेही लोकांना माहीत नसतं.

म्हणून लेस्टरचं फुंकायचं मशीन इथे आणून ठेवलं तरी अर्धं काम होईल. मशेरीला धूर कुठे आहे? मशेरी लावणारी बाई त्यात फुंकेल तर शून्याजवळ येईल आणि आपण टाळ्या वाजवू. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात चारच्या आसपास आणि तोंडाने तंबाखू घेणारे जवळपास चोवीस, हे २०१६-१७ च्या गॅट्स, म्हणजे मोठ्या माणसांच्या तंबाखू वापराच्या सर्वेक्षणातलं. आपल्याकडे कॉटिनिनच हवं. त्याची अडचण उलटी आहे, ते तंबाखू कुठल्या वाटेने आला ते सांगत नाही. बिडी, मशेरी, गुटखा, सोडायला म्हणून घेतलेलं निकोटिनचं च्युइंगम, त्याला सगळं सारखंच.

नौपाड्याची_लेक · बुधवार, दुपारी १२:४०

मग बाळापर्यंत किती गेलं हे कळायला काय? तिचा मूळ प्रश्न तोच होता.

बेलापूर_पट्टी · बुधवार, दुपारी १:२०

कॉटिनिन म्हणजे दोन-चार दिवसांची रोजवही. मागचं बघायचं तर केस, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, मुळापासून तीन सेंटिमीटर कापला की तीन महिन्यांचं निकोटिन त्यात साठलेलं असतं. एनएनएएल म्हणून एक आहे, तंबाखूतल्याच कॅन्सरकारक पदार्थापासून शरीर बनवतं, ते आठवडे न् आठवडे लघवीत रेंगाळतं. आणि बाळ जन्मल्यावर त्याची पहिली काळी चिकट शी, मेकोनियम, त्यात शेवटच्या चार-पाच महिन्यांचा हिशेब असतो. पण हे सगळं संशोधनाचं काम. एखाद्या बाईचा केस कापून तिला बाळाचं वजन किती भरेल ते कुणी सांगू शकत नाही. आकडे हजार बायकांचे मिळून बोलतात, एकीचा आकडा इतकंच सांगतो की आलंय.

घोडबंदरचा_प्रवासी · बुधवार, दुपारी ३:५५

आणि देवाची उदबत्ती? मच्छर कॉइल? त्याचा धूर नाही का मोजत कोणी? फक्त बिडीवाल्या म्हाताऱ्याच्या मागे लागायचं.

जुना_टेक्निशियन · बुधवार, संध्याकाळी ५:३०

हा मात्र चांगला मुद्दा काढलात. कॉइल आणि उदबत्तीत निकोटिन नसतं, त्यामुळे कॉटिनिनमध्ये ते कधीच दिसणार नाही, आणि दिसत नाही म्हणून ते चांगलं असंही नाही. एक कॉइल रात्रभर जळली तर बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके सोडते असं मोजलेलं आहे. खोलीत बाई झोपणार असेल तर मच्छरदाणी लावा सरळ.

खाडीपलीकडची · गुरुवार, रात्री १:२६

दोन दिवस आले नाही. खरं म्हणजे येऊन येऊन परत जात होते.

हो. मशेरी आहे. तिसऱ्या महिन्यात पाणीसुद्धा पोटात टिकत नव्हतं तेव्हा आईने पाटणहून पाठवली, बामच्या रिकाम्या बाटलीत, वर कापूस लावून. सकाळी एकदाच लावायची म्हणून सुरू केली, मग दुपारी, मग संध्याकाळी चहाच्या आधी. बाथरूमच्या खिडकीत शिकेकाईच्या डब्यामागे ठेवते. लॅबच्या मुलाने विचारलं तंबाखू खाता का, मी नाही म्हटलं आणि शप्पथ सांगते मला ते खोटं वाटलंच नाही. आशाताईंचं वाचलं आणि हातपाय गार पडले.

मला माहीत नव्हतं असं तरी कसं म्हणू. माहीत होतं पण त्या कप्प्यात ठेवलेलं नव्हतं.

आणि सासरे माझ्यामुळे कळव्याला बसलेत.

नौपाड्याची_लेक · गुरुवार, सकाळी ६:५०

ये इकडे, एक मिठी. लिहिलंस हेच खूप केलंस.

आशाताई_कळवा · गुरुवार, सकाळी ७:१५

बाय, रडू नको. अजून चार महिने आहेत तुझ्याकडे. बाटली आधी संडासात रिकामी कर, कचऱ्यात टाकू नको, कचऱ्यातून परत काढलेली बघितलीय मी. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, आणि कोठा खरंच बसेल. रात्री काळे मनुके भिजत घाल, सकाळी कोमट पाणी, ताटात पालेभाजी वाढव. हिरड्यांना काहीतरी चोळल्याशिवाय राहवत नसेल तर साधी पेस्ट बोटावर घे, हाताला सवय असते ती तेवढी भागते. च्युइंगम वगैरे मनाने घेऊ नको, डॉक्टर बाईंना सगळं सांग, मशेरी हा शब्द उच्चारून सांग. सोडायला मदत लागली तर सरकारची क्विटलाइन आहे, १८०० ११ २३५६, फुकट.

जुना_टेक्निशियन · गुरुवार, दुपारी १:१०

ताई, हिशेब देतो, हिशेबाने माणूस शांत होतो. बंद केल्यापासून तुमचं कॉटिनिन नऊ तासात अर्धं, अठरा तासात पाव, तीन दिवसात आठ वेळा अर्धं झालं म्हणजे ११४० चे चार-पाच राहिले. गरोदर नसतात तर तीन दिवसांनंतरही साठ उरले असते. दहाएक दिवसांनी सकाळच्या लघवीचा आकडा काढा, पट्टी नको, आकडाच. मशेरीचं काही शिल्लक नसेल. मग जे दिसेल ते जिन्यातलं.

एक अट, या दहा दिवसात सासरे घरी हवेत. नाहीतर काय मोजणार आपण?

सत्तूकाका · गुरुवार, दुपारी २:००

हे बरंय, म्हाताऱ्याला प्रयोगासाठी बोलवायचं.

खाडीपलीकडची · दोन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:३३

धागा वर काढतेय.

त्याच दिवशी मिस्टरांना सांगितलं. ते बराच वेळ गॅलरीत उभे राहिले, मग काही न बोलता बाईक काढली आणि कळव्याला गेले. सासरे रात्री परत आले. त्यांना काय सांगितलं मी विचारलं नाही. सासूबाईंनी बाथरूममधून बाटली स्वतः उचलली, वास घेतला, म्हणाल्या चांगली भाजलीय, आणि ओतून टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर स्वतःची डबी कमरेला खोचली, म्हणजे त्यांचं चालूच आहे, तो वेगळा धागा होईल.

पाचवा दिवस सगळ्यात वाईट होता, कोणी भांडं आपटलं तरी मारावंसं वाटत होतं. डॉक्टर बाई ओरडल्या नाहीत, फाईलवर मोठ्या अक्षरात मशेरी लिहिलं आणि सोनोग्राफीची एक तारीख वाढवली.

काल आकडा आला. ११.

सासरे जिन्यावरच बसले होते, बिडी कानावर, पेटवलेली नव्हती. दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, आधी ११४० वर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. म्हटलं, बाबा, ते अकराशे चाळीस माझे, माझी चूक होती, तुम्हाला उगाच बोललो आम्ही. मग दुसरा कागद बघितला.

"मग हे अकरा कुणाचे?"

मी काही बोलले नाही. ते कागद घेऊन कितीतरी वेळ बसले. मग उठून बाहेर गेले, रस्ता ओलांडून, समोरच्या गुलमोहराखाली दुकानाचा कट्टा आहे तिथे जाऊन पेटवली. आज तीन वेळा गेले. पाऊस सुरू झाल्यावर काय करतील माहीत नाही.

जुना_टेक्निशियन · शनिवार, रात्री ११:०१

पावसाळ्यात परत आकडा काढा ताई. आणि सासूबाईंनाही एकदा लॅबच्या मुलाकडे पाठवा, नुसतं गंमत म्हणून.

घोडबंदरचा_प्रवासी · शनिवार, रात्री ११:२०

लॅबचे चार्जेस किती पडले ते व्यनि करा. घरी विचारायचंय.